नऊ नंबर कोण खेळला

उमरखेड,
९ नोव्हेंबर २०२४

ती. विमलमामींना समीक्षाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही "हो" आणि "बरं" याच्या पुढे जात नाही, आणि कागद मिळाला की दोन्ही बाजू भरता. म्हणून पत्रच लिहिते आहे.

राजूरच्या मैदानावर येत्या २६ जानेवारीला खाणकामगारांची जुनी फुटबॉल स्पर्धा पुन्हा सुरू होणार आहे. माझं लहानपण तुमच्या कॉलनीत गेलं आणि मी इथं शाळेत खेळ शिकवते, एवढ्यावरून स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते आहे : तुम्ही आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिलेला सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण? टीव्हीवरचा चालणार नाही, असं स्पष्ट लिहूनही निम्म्या लोकांनी परदेशातली नावं कळवली. एकानं तर खाली लिहिलं आहे, "प्रत्यक्ष पाहिला, मेव्हण्याच्या घरी."

पण ज्यांनी १९८९चा अंतिम सामना पाहिला, त्यांचं उत्तर एकच येतं : पुंडलिक डाहुले, नऊ नंबर. म्हणजे आपले मामा. तेव्हाचे कप्तान किसनराव आता समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी ठरवलं आहे की नव्या चषकाला मामांचं नाव द्यायचं आणि तो तुमच्या हातून द्यायचा. मामांना जाऊन बारा वर्षं झाली, आणि लोकांना त्यांचा एक गोल अजून आठवतो. मला फार बरं वाटलं.

तुम्ही त्यांना खेळताना पाहिलं असेलच. ते लिहून पाठवा. स्मरणिकेत पहिल्या पानावर घेते.

तुमची,
समीक्षा

राजूर,
१७ नोव्हेंबर

चि. समीक्षाला आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी भाकरी टाकत होते. चषकाला यांचं नाव द्यायचं म्हणजे काय, हे पहिल्या वाचनात समजलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा समजलं, आणि भाकरी करपली.

मी यांना एकदाच खेळताना पाहिलं, तेही लांबून. तेव्हा कॉलनीतल्या बाया मैदानावर जात नव्हत्या. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. अंतिम सामन्याच्या दिवशी शेजारची रामीबाई म्हणाली, "चाल वो, मातीच्या ढिगावरून सारं दिसते." खाणीतून काढलेल्या मातीचा तो ढीग दोन मजली घराएवढा होता. आम्ही वर चढलो. खालची माणसं बोटाएवढी दिसत होती, तोंड कोणाचंच ओळखू येत नव्हतं. पण नऊचा आकडा ओळखू आला, कारण तो उसवला होता आणि आदल्या दिवशी मीच शिवला होता. रामीबाई म्हणाली, "तो पाह्य, तुवाला नवरा."

मग तो गोल झाला. बॉल नऊ नंबरकडे आला तेव्हा त्याचं तोंड जाळीकडे होतं. समोरून तिघं धावून आले. हा पळाला नाही. उभा राहिला. मला वाटलं, दमला. तर ते तिघंही थांबले. मग वासराला गुडघ्यानं सरकवतात तसा त्यानं डाव्या पायानं बॉल दोघांच्या मधून सरकवला, स्वतः दुसऱ्या बाजूनं वळसा घालून गेला आणि पुढे आपल्याच बॉलला जाऊन भेटला. गोलकीपर खाली बसला.

हे गेल्यापासून मी पेपरातलं खेळाचं पान आधी वाचते. टीव्हीवर मोठमोठ्या स्पर्धा पाहिल्या. तसं उभं राहणारं कोणी दिसलं नाही. ते तिघं का थांबले, हा प्रश्न मला पस्तीस वर्षं पडलेला आहे. तू खेळ शिकवतेस, तर सांग.

त्या सामन्याचं कात्रण घरात आहे. "डाहुले यांच्या गोलमुळे राजूरला ढाल." तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे साक्षरतेच्या वर्गात गेले, आणि मदतीशिवाय मी वाचलेलं पहिलं छापील वाक्य हेच.

आता जे लिहिते ते स्मरणिकेत घालू नको. ढाल जिंकल्यावर घरी रोज माणसं येत, चहा होई. एक दिवस मी कंटाळून म्हणाले, "बॉलच्या मागं पळून कोणाचं घर चाललं हाय?" दोन-तीन महिन्यांत यांचा खेळ बंद झाला. पुन्हा मैदानावर गेले नाहीत, पोरांना शिकवायला बोलावलं तरी गेले नाहीत. पुष्कळ वर्षांनी मी माफी मागितली. तर म्हणाले, "तुह्यानं नाही सुटला वो तो." माझं मन राखायला म्हणाले, एवढं कळण्याइतकी मी मोठी झाले होते.

म्हणून हा चषक मला हवा आहे. माझ्या एका वाक्यानं जे बंद पडलं, ते यांच्या नावानं पुन्हा चालू होईल.

विमलमामी

उमरखेड,
२८ नोव्हेंबर

ती. मामी,

पत्र मिळालं. शाळेच्या स्पर्धा चालू आहेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

ते तिघं का थांबले, ते सांगते. अडवणारा खेळाडू बॉलकडे कमी आणि समोरच्याच्या कमरेकडे जास्त बघतो. कंबर जिकडे वळते तिकडे माणूस जाणार. जो हलतच नाही, त्याचं काहीच वाचता येत नाही. अशा वेळी जो आधी हलेल तो फसतो, म्हणून तिघंही दुसऱ्याची वाट पाहत राहिले असतील. हे शिकवता येत नाही. मी शिकवून पाहिलं आहे. पोरं उभी राहतात आणि बॉल गमावून बसतात.

स्मरणिकेला अजून वेळ आहे. घाई नाही.

समीक्षा

ता. क. : किसनरावांनी ढालीसोबतचा संघाचा फोटो दिला आहे. उन्हामुळे तोंडं नीट दिसत नाहीत. मामा डावखुरे होते का? सहज विचारते.

राजूर,
४ डिसेंबर

चि. समीक्षा,

सहज विचारणारी माणसं ते ताज्या कलमात लिहीत नाहीत.

हे डावखुरे नव्हते. तुझं पत्र वाचून मी दारात उभी राहून आठवत बसले. पायरी चढताना उजवा पाय, फावड्यावर उजवा पाय. पंचवीस वर्षांच्या संसारात यांनी एकदाच लाथ मारली, ती बादलीला, आणि तीही उजव्या पायानं. मग ढिगावरून मी जो पाहिला, तो डावा पाय कोणाचा?

एकदा हे मनात आल्यावर दुसरंही आलं. सामन्याच्या दिवशी संघातल्या लोकांना सुटी असायची. हे वर्कशॉपमध्ये फिटर, एरवी हातांना तेल असायचं. पण सामन्याच्या दिवशी घरी येत ते कानात, पापण्यांत कोळसा घेऊन, आणि तळहात फुटलेले. मी विचारलं की म्हणत, "मैदान खराब हाय." पिशवीत जर्सी असायची ती मुरमानं लाल. जर्सी लाल आणि माणूस काळा, हे मी कितीदा धुतलं, पण दोन्ही एकत्र करून कधी पाहिलं नाही. आणि त्या जर्सीला घामाचा वास यायचा तो यांचा नसायचा. नवी नवरी हे कोणाला विचारणार? मला वाटलं, खेळताना माणसाचा वास बदलत असेल.

फोटो पाठव. जे कळलं असेल ते लिही. बारा वर्षं माझ्याशी सगळे सांभाळूनच बोलतात. त्याचा मला कंटाळा आला आहे.

विमलमामी

उमरखेड,
१६ डिसेंबर

ती. मामी,

सोबत फोटो आहे. खाली सगळ्यांची नावं लिहिली आहेत. नऊ नंबरच्या खाली "पुं. डाहुले" आहे आणि वरचा माणूस मामा नाहीत. तेवढीच उंची, तशाच मिशा, पण मामा नाहीत. मामा त्या फोटोत कुठेच नाहीत.

मी आधी किसनरावांना फोन केला. ते म्हणाले, "समीक्षाबाई, कायले जुनं उकरून राह्यल्या? ढाल आपली, नाव आपल्याच माणसाचं. कोणाचं काय बिघडलं?" मी म्हटलं, नऊ नंबर कोण आहे तेवढं सांगा. म्हणाले, "गुलाबसिंग. तुमच्याच तिकडला हाय." गुलाबसिंग राठोड इथून बारा किलोमीटरवर तांड्यात राहतात. आठ तारखेला, रविवारी गेले.

सत्तरीचे आहेत. गुडघे गेलेत. बाजेवर बसून दोरी वळत होते. फोटो दाखवला तर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "मिशा बऱ्या होत्या माह्या." मग मी कोण ते सांगितलं. दोरी बाजूला ठेवली.

ते कंपनीचे कामगार नव्हते. रेल्वेच्या सायडिंगवर डब्यांत कोळसा भरायला ठेकेदारानं आणलेल्या टोळीतले होते. स्पर्धेचा नियम होता की फक्त कायम कामगारांनी खेळायचं. त्यामुळे ते संघात बसत नव्हते. आणि सायडिंगवरची रीत अशी, की एक दिवस गैरहजर राहायचं असेल तर आपल्या जागी बदली माणूस उभा करायचा. नाहीतर मुकादम दुसऱ्या दिवशी टोळीत घेत नसे.

मामी, सामन्याच्या दिवशी गुलाबसिंग मामांची जर्सी घालून मामांच्या नावानं मैदानावर जायचे, आणि मामा त्यांच्या जागी बदली म्हणून कोळसा भरायला जायचे. दोन हंगाम हे चाललं. मी विचारलं, कोणी ओळखलं नाही? म्हणाले, "पंच बाहेरचा. तवा पंच यादी पाहे, तोंड नाही पाहे. आपल्या लोकायले मालूम होतं, पण ढाल कोणाले नको?" लांबून सामना पाहणाऱ्यांना आणि पेपरवाल्याला मात्र यादीतलंच नाव कळलं.

निघताना म्हणाले, "वहिनीले काई सांगू नका. पुंडलिक गेला. तिच्यापाशी त्याचा तेवढा एक गोल हाय. मले तो कायले पायजे?"

मी आठवडाभर हे पत्र लिहायचं टाळलं. किसनराव म्हणतात, चषकाला मामांचंच नाव राहू द्या, मेलेल्या माणसाच्या नावावरून कोणी भांडत नाही. गुलाबसिंगही तेच म्हणतात. मजकूर दहा जानेवारीला छापायला जाईल. तुम्ही सांगाल तसंच होईल. तुम्ही गप्प राहिलात, तर मीही राहीन.

समीक्षा

राजूर,
२१ डिसेंबर

गुलाबसिंगभाऊंना नमस्कार.

मी पुंडलिकरावांची बायको, विमल. तुम्ही सांगू नका म्हणालात तरी समीक्षानं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. मीच तिला सोडलं नाही.

दोन दिवस मला राग होता. तुमच्यावर कमी, यांच्यावर जास्त. पंचवीस वर्षं एका घरात राहून माणूस एवढं लपवतो, तर आणखी काय काय लपवलं असेल, असं वाटलं. मग राग संपला आणि प्रश्न उरले. त्यांची उत्तरं आता फक्त तुमच्याजवळ आहेत.

हे करायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं? हे स्वतः कसे खेळायचे? कोळसा भरायला जमायचं का? आणि दोन हंगामांनी बंद का केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहिलंत तरी चालेल. त्याच्यासाठी मी फार वर्षं थांबले आहे.

मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नका. वाईट वाटायचं ते वाटून झालं आहे.

विमल डाहुले

तांड्यावरून,
३० डिसेंबर

विमलवहिनीले गुलाबसिंगचा रामराम.

मी सातवीलोक शिकलो. बोलतो तसंच लिहून राह्यलो, समजून घ्या.

शेवटचा सवाल आधी. एकोणनव्वदच्या मे महिन्यात ठेका संपला. आमची टोळी गाडीत बसून घरी आली. मी नाही, तर नऊ नंबर नाही. दुसरं काई कारण नोतं. पुंडलिक म्हणे, "आता पायाले लागलं म्हणून सांगतो आन् बसतो घरी."

सुचलं त्यालेच. संध्याकाळी आमी सायडिंगमागं उघड्या पायानं खेळो. तो सायकल टेकवून पाहे. मंग येऊन खेळाले लागला. तो बरा खेळे, वहिनी. पण आपण बराच खेळतो, त्याच्या वर नाही, हे त्याले मालूम होतं. असं मालूम असणारे मी कमी पाह्यले. एका दिवशी म्हणे, "गुलाब, तू खेळ, तुह्या जागी मी भरतो." मी हासलो. म्हटलं, फिटर माणूस, तुले घमेलं झेपन काय? म्हणे, "घमेलं उचलाले का शाळा लागते?" पह्यल्याच दिवशी हात फुटले. मुकादम म्हणे, "हा बदली उद्या येत नाही." पण सामना असला का तो हजर. सहा सामने खेळलो मी, सहाबी टाइम तो भरायले गेला.

मी एकदा विचारलं, काहून करतं रे असं? म्हणे, "तू डबे भरत राह्यला आन् मी मैदानात पळत राह्यलो, तर मले लाज वाटन."

एक गोष्ट मात्र मनात राह्यली. त्यानं माहा एकबी सामना पाह्यला नाही. मी मैदानात तवा तो सायडिंगवर. वेळच एक. संध्याकाळी विचारे, "सांग, कसा टाकला?" मी सांगो, पण आपलं खेळणं आपल्याले कुठी दिसते? अर्ध्यात थांबो. तो म्हणे, "जाऊ दे, मी दुसऱ्याले विचारतो."

चषकाले त्याचंच नाव राहू द्या. मले याडीची, मायची आण, मनात काई नाही.

गुलाबसिंग

राजूर,
६ जानेवारी २०२५

चि. समीक्षा,

गुलाबसिंगभाऊंचं पत्र आलं. तुला वाचायला सोबत ठेवते, वाचून परत पाठव.

ठेका संपला आणि खेळ संपला. म्हणजे "तुह्यानं नाही सुटला वो" हे यांनी खरंच सांगितलं होतं, आणि मी त्याला माया समजून बाजूला ठेवलं. यांनी मला खोटं सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला आणि खरं सांगितलं तेव्हा ठेवला नाही. आता कोणाची माफी मागू?

चषकाचं सांगते. त्याला यांचं नाव नको. गुलाबसिंग राठोड असं नाव घाला. किसनराव ऐकत नसतील तर त्यांना सांग की मी २६ तारखेला मंचावर येणार आहे, आणि माईक हातात दिला तर जे झालं तेच बोलणार आहे. काल ते घरी येऊन गेले. म्हणाले, "वहिनी, पुंडलिकचं नाव तुम्हीच पुसून राह्यल्या." मी म्हटलं, किसनभाऊ, जे हे खेळले नाहीत त्यावरून पुसते. जे यांनी केलं ते लिहा की, तुम्हाला कोणी अडवलं? चहा पूर्ण पिऊन गेले. मला वाटतं, मानतील.

मला वाचायला शिकवलं ते एका चुकीच्या वाक्यानं. दुसरं कोणी त्याच वाक्यावर शिकू नये.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं छाप : "मी पाहिलेला सर्वांत मोठा फुटबॉलपटू म्हणजे गुलाबसिंग राठोड. मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि तेव्हा मी त्यांना माझा नवरा समजत होते." दुसरं वाक्य गाळू नको. पहिलं त्याच्याशिवाय खरं नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजपर्यंत कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी वाटली नव्हती. "मी दुसऱ्याले विचारतो," ही ओळ गुलाबसिंगभाऊंच्या पत्रात वाचली आणि तिथंच बसले.

सामन्याच्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी म्हणाले की मी ढिगावरून पाहिलं. यांनी तोंडसुद्धा धुतलं नाही. काळ्या हातांनी पाटावर बसले आणि म्हणाले, "सांग बरं, कसा झाला गोल?" मी सांगितला. म्हणाले, "परत सांग. तो उभा राह्यला तवा ते तिघं कुठी होते?" 'तो' म्हणाले. नवरे आपल्याबद्दल असं बोलत असतील, असं मला वाटलं. पुढेही, वर्षातून एक-दोनदा, जेवण झालं की विचारायचे, "ढिगावरून काय दिसलं होतं ते सांग ना." मला वाटायचं, माणसाला आपलीच तारीफ ऐकायची हौस आहे. डोक्यात जाऊ नये म्हणून मी मुद्दाम कमी सांगायचे. कधी म्हणायचे, झाला एक गोल, रोज काय सांगायचं. हे हसायचे आणि ताट घेऊन उठायचे.

कोळसा भरून आलेला माणूस तो गोल माझ्याकडून बघत होता, आणि मी अर्धाच दाखवत होते.

म्हणून काल सकाळपासून लिहायला बसले आहे. बॉल कुठून आला, ऊन कोणत्या बाजूला होतं, तिघं कोणत्या पायावर थांबले, गोलकीपर कसा बसला, रामीबाईनं माझा दंड किती जोरात धरला, सगळं. दोन पानं झाली आणि नऊ नंबर अजून उभाच आहे. चार पानं तरी होतील. जागा ठेव.

विमलमामी